दातार सर आणि माझा गुडघा

साठी उलटलेले दातार सर आम्हाला सांगायचे तो प्रत्येक व्यायाम आधी स्वतः करून दाखवायचे. वारज्याच्या मैदानावर सकाळी साडेपाचला शंभर बैठका मारून घाम पुसत म्हणायचे, "चला, म्हाताऱ्याचं झालं. आता तरुणींनी कृपा करावी."

मी त्यांच्या खो-खो संघात होते. माझे बाबा यवतमाळहून आलेले, हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचे. मुलीनं हाफ पँट घालून पळावं हे त्यांना पटत नव्हतं. सर सलग तीन रविवार आमच्या घरी येऊन बसले. चौथ्या रविवारी बाबांनीच मला मैदानावर सोडलं. हे उपकार मी नाकारत नाही. म्हणूनच राग जास्त येतो.

"दुखणं हा आळसाचा सभ्य शब्द आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणी घोटा धरून बसली की विचारायचे, "आपण खेळायला आलात की हळदीकुंकवाला?" आम्ही हसायचो. जिचा घोटा दुखत असे, तीही हसायची.

जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात खांबाला वळसा घेताना माझ्या उजव्या गुडघ्यात कट् असा आवाज झाला. तासाभरात गुडघा टम्म सुजला.

"सर, पाय टेकला की गुडघा निसटतोय."

सरांनी स्प्रे मारला, पट्टी आवळली. "आवाज झाला ना? म्हणजे मोकळा झाला. उद्या पळायचं. डॉक्टर परवा."

मी पळाले. दुसऱ्या डावात गुडघा पुन्हा आतल्या आत वळला आणि मी कोसळले. आम्ही जिंकलो. लिगामेंट आदल्या दिवशीच तुटलं होतं. तशीच खेळल्यानं आतली गादीही फाटली, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पण मी पुन्हा खेळू शकले नाही. सतरा वर्षांची होते.

सर दवाखान्यात आले. "मला कुठे माहीत होतं गं!"

"मी सांगितलं होतं, सर."

ते उठून निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत जो तो म्हणत होता, सरांनी पोलादी मुली घडवल्या. माझं नाव पुकारलं. मी कठड्याला धरून स्टेजवर चढले.

"सरांनी मला घरातून मैदानावर आणलं, पळायला शिकवलं. आणि माझं पळणं त्यांनीच संपवलं, मी दुखतंय म्हणत असताना."

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, ही काय वेळ आहे?"

"तेव्हाही नव्हती," मी म्हणाले. मग पुढे बसलेल्या आताच्या संघातल्या मुलींना सांगितलं, "दुखलं तर थांबा. कोणी कितीही ओरडलं तरी थांबा."

सभा संपल्यावर त्यांतली एक माझ्याजवळ आली. "ताई, माझा घोटा दोन आठवडे सुजलाय. उद्या सिलेक्शन आहे. कोच म्हणतात, चालतंय."

मी तिचा हात धरला आणि थेट नव्या कोचसमोर उभी राहिले. "ही उद्या खेळणार नाही. आधी डॉक्टर."

"मॅडम, तुम्ही कोण ठरवणार?"

मी जागची हलले नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले. शेवटी तो पुटपुटला, "बरं, ठीक आहे." तोवर मी तिचा हात सोडला नव्हता.