फ्रान्सचं तळं, कुसैसचं किचन

मैत्रिणींनो, युरोपच्या व्हिसासाठी पासपोर्ट जमा करताय? आधी माझं ऐका.

फ्रान्समधल्या एका खेड्यात राहायचं, जुना किल्ला आणि आसपासची तळी बघायची, असा आमचा सुट्टीचा प्लॅन. पासपोर्ट व्हिसासाठी दिलेले.

आज दुपारी अलिबागहून दादाचा फोन. "बाबांना ॲडमिट केलंय, लगेच नीघ."

धावत व्हिसा सेंटर गाठलं. काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, पासपोर्ट एम्बसी में है. मंडे से पहले कुछ नहीं होगा." शुक्रवार दुपार, म्हणजे खलास! विमानं डोक्यावरून जातायत आणि मी इथे आखातात, अल कुसैसच्या घरी किचनमध्ये अडकलेय.

बाबांनी माझी वाट बघत झुरू नये म्हणून दादानं परस्पर सांगून टाकलं, "सुमा फ्रान्सला गेलीय."

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. ऑक्सिजनची नळी नाकात, तरी बाबा हौसेनं म्हणाले, "तळं दाखव की गं."

मला खरं सांगवेना. लॅपटॉपवर हॉटेलच्या साइटवरचा तळ्याचा फोटो उघडला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाणी हलत नाहीये गं."