फॉर्मॅलिनात बुडालेली पाल

डॉक्टरांनी सरांना चढ चढायला मनाई केली, म्हणून पाटणच्या पठारावर मी एकटीच गेले. सांगलीच्या कॉलेजात सरांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं. तरुणपणी त्यांनी या पठारावर एक पाल पकडली होती आणि भिंगाखाली खवले मोजून ती वेगळी प्रजाती असल्याचं ठरवलं होतं. आता नुसते खवले चालत नाहीत, डीएनए लागतो. तो मिळवून देते, असा शब्द मी त्यांना दिला होता.

पुण्याहून सातारा, उंब्रज आणि मग उजवीकडे पाटण. महामार्ग उत्तम, पाटणच्या पुढे मात्र कंबरडं मोडतं. वर पोचले तर सरांनी सांगितलेला कातळच नाही. गुरं राखणाऱ्या एका माजी सैनिक आजोबांना विचारलं.

"गेल्या वर्सी फोडला की. रस्ता रुंद केला न्हवं का. पाली लय हुत्या, आता एक दिसत न्हाई."

सांगलीच्या वाटेवर मलकापूरला जेवायला थांबले. पिठलं-भाकरी झकास, जरूर खा. माझ्या घशाखाली उतरली नाही, इतका संताप झाला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना रिक्षाने कॉलेजात नेलं. त्यांची ती जुनी पाल तिथे अल्कोहोलच्या बाटलीत होती, अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, म्हणून आता तिच्यावरच भिस्त. विभागप्रमुखांनी कौतुकाने कपाट उघडलं. बाटल्या लखलखीत होत्या आणि वास डोळ्यांत झोंबत होता.

"तपासणी समिती येणार होती ना. अल्कोहोल पिवळं पडलेलं, म्हणून सगळीकडे नवं फॉर्मॅलिन भरून घेतलं. समिती एकदम खूश," ते म्हणाले.

फॉर्मॅलिन शरीर टिकवतं आणि डीएनएची वाट लावतं. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखाला हे ठाऊक नसावं? मी त्यांना नको नको ते बोलले, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. सर बाटली उजेडात धरून बघत राहिले.

तरीही शेपटीचा तुकडा घेऊन आले. सांगलीहून आणलेलं भडंग संपलं, राग तसाच आहे. काल प्रयोगशाळेने कळवलं, काहीही वाचता येत नाही. सरांना फोन केला.

"म्हणजे माझं चुकलं होतं?"

"तसं नाही, सर. बरोबर की चूक, ते आता कळणारच नाही."

ते मग म्हणाले, "चूक निघालं असतं तरी चाललं असतं गं."