दोन्ही बाजू ऐकणारे अण्णा

अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले तेव्हा मी त्यांचाच चहा गाळत होते. रडू आलं नाही. पुढं महिनाभर लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यावर माणसांची रीघ लागली. जो तो एकच सांगे, या माणसानं कधी कुणाची बाजू घेतली नाही... मी त्यांची धाकटी बहीण. मला हे सांगायची गरज नव्हती.

फारसीच्या जोरावर अण्णा इंग्रज सरकारच्या वकिलातीत कारकुनापासून मोठे अधिकारी झाले. इराणात, काबुलात कुठं भांडण पेटलं की त्यांना धाडत. त्यांची रीत ठरलेली होती. एकाची तक्रार आली की तिची नक्कल दुसऱ्याला पाठवायची, त्याचं म्हणणं मागवायचं आणि मगच तोंड उघडायचं. याच रीतीपायी त्यांना रावसाहेब हा किताब मिळाला.

मला आंदर मावळात दिलं होतं. नवरा काठीनं मारी, सासरा बघत बसे. लिहायला मला अण्णांनीच शिकवलेलं. ते रजेवर लोणावळ्यात आल्याचं कळलं तेव्हा बाजाराला निघालेल्या एका बाईच्या हाती मी चोरून पत्र दिलं, मला घेऊन जा, नाहीतर मी जगत नाही. दिवसभराच्या चालीचं अंतर होतं. आठ दिवस मी वाटेकडे डोळे लावून होते.

अण्णा आले नाहीत. माझ्या पत्राची नक्कल आली, सासऱ्याच्या नावानं, 'आपले म्हणणे कळवावे' या विनंतीसह. गावच्या कुलकर्ण्यांनी ती ओसरीवर सगळ्यांसमोर वाचली. सासरा शांतपणे म्हणाला, "लिवता येतंय न्हवं? मग जबाब बी तूच लिव. म्हणावं, मी हितं लय सुखात हाय."

नवरा काठी घेऊन उभा होता. मी लिहिलं. परत कधी लिहू नये म्हणून त्याच दिवशी नवऱ्यानं माझ्या उजव्या हाताची बोटं उखळात ठेचली. हा लेख मी डाव्या हातानं लिहिते आहे.

तिथं अठरा वर्षं काढली. नवरा मेल्यावर अण्णांनी मला बंगल्यावर आणलं, मायेनं ठेवलं. हात त्यांनी पाहिला, पण कसा झाला हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाजू घ्यावी लागली असती. मी त्यांना माफ केलेलं नाही.

परवा त्यांचं कपाट आवरताना तो जबाब सापडला, नीट घडी घालून, नंबर टाकून ठेवलेला. समासात अण्णांच्या हातचा शेरा होता : 'तक्रारदाराचे समाधान झाले आहे. प्रकरण बंद.'

आणि खाली, बारीक पेन्सिलीनं : 'अक्षर बरेच सुधारले.'