कौसल्येचा सरवा

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. थंडीनं नुकताच वावरात पाय टाकला होता. दवानं कपाशीची बोंडं भिजून जड झालेली, म्हणून वेचणाऱ्या बाया तिकडं काट्याकुट्यांचा जाळ करून ऊन वर यायची वाट बघत शेकत होत्या. पंजाबरावाच्या भुईमुगाच्या वावरात मात्र सकाळीच काम लागलं होतं. परवा वेल उपटून झाले, त्यांचा ढीग आंब्याखाली रचला गेला, आणि आज सरवा खुला झाला. पीक निघून गेल्यावर मातीत जे राहून जातं, ते वेचणाराचं. त्यात मालकाचा हात नाही, असा या भागातला जुना रिवाज. पाचसहा बाया उकिडव्या बसून खुरप्यानं ओली माती उकरत होत्या, आणि शेंग सापडली की लुगड्याच्या ओट्यात टाकत होत्या.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, हातात काठी घेऊन कौसल्या बसली होती. ढिगाची राखण तिच्याकडं.

"डोये उघडे ठेवजो वं कौसा," तिची माय तुळसाबाई ढिगाशी शेंगा तोडता तोडता म्हणाली. "सरवा सरवा म्हन्ता ढिगातल्या शेंगा कवा ओट्यात जातात, पत्ता लागत नाई. अन् पुस्तकात मुंडकं खुपसून बसू नोको."

"कालेजवाली राखनदार!" मातीतून मान वर न काढता भुरीबाई म्हणाली. "आमी इंग्रजीत चोरलं तं तिले समजन, मराठीत चोरलं तं नाई समजाचं."

बाया हसल्या. कौसल्याही हसली, पण तिचे कान तापले. आज दहा दिवस 'चोरी' शब्द कुठूनही आला तरी तिला तो आपल्याच नावाचा वाटे.

पंजाबरावाची कौसा यवतमाळच्या कॉलेजात गेली, ही गावाला मोठी गोष्ट होती. एकोणीसशे चौसष्ट सालात घाटंजीकडच्या खेड्यातली पोरगी मॅट्रिकच्या पुढं जाते, म्हणजे जवळजवळ कलेक्टरच होते. गावातून दुसरीही एक पोरगी तिच्याबरोबरच गेली होती, मथुराबाईची सत्यशीला. ती गेली हे गाव फारसं बोलत नसे. आठ वर्षांमागं त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मथुराबाईनं लेकीचं धुरपता हे नाव शाळेच्या दाखल्यातून खोडून आणलं आणि सत्यशीला लिहून घेतलं. स्वतःचं मात्र राहू दिलं. "माहं कोन पुसते?" म्हणाली. तीच मथुराबाई आज वावराच्या पार टोकाला, सगळ्यांच्या मागं सरवा वेचत होती.

नाल्याकडून सायकल ढकलत गोविंदा डाकवाला आला. घाटंजीहून आठवड्यातून दोनदा त्याची फेरी. कार्ड असलं की तो ते वाचूनच देई, आणि यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. उघडं पत्र म्हणजे उघडं दार, असा त्याचा हिशेब.

"कौसाबाई, कार्ड हाय. सत्यशीलेचं." त्यानं ढिगातली एक शेंग विचारल्याशिवाय उचलली आणि फोडली. "अक्षर पाहा कसं हाय. मोती."

कौसल्येनं कार्ड घेतलं.

'प्रिय कौसल्येस. ताप उतरला, अशक्तपणा आहे, म्हणून बाईंनी सुटीत वसतिगृहातच ठेवून घेतले. सरांनी निबंध परत पाठवला. वर लाल शाईने नक्कल असे लिहिले आहे. वसतिगृहाच्या सवलतीसाठी त्यांची शिफारस लागते, ती सुटीनंतर विचार करून सांगतो म्हणाले. तुमच्या भुईमुगाचा सरवा लागला असेल. आई आली तर तिला मी बरी आहे म्हणून सांग. लोभ असावा. सत्यशीला.'

एक शब्द वेडावाकडा नाही. दोष नाही, टोमणा नाही. फक्त शेवटचे ते दोन शब्द, जे कुणीही कुणालाही लिहितं. कौसल्येनं कार्ड पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं.

सरांनी विषय दिला होता, इंग्रजी वाङ्मयातली हाव आणि महत्त्वाकांक्षा. मराठीत लिहिलं तरी चालेल, चांगला निबंध कॉलेजच्या वार्षिकात छापू. यवतमाळला कौसल्या मामाकडं राही; तिथं बसून तिनं लायब्ररीतली तीन पुस्तकं चाळली. मुकुटासाठी धावणारे सरदार, थैली कवटाळून मरणारे म्हातारे, विद्येच्या हव्यासानं जीव गहाण टाकणारे पंडित, असे सगळे वहीत ओळीनं उतरवून झाले. आता यांचं करायचं काय, ते मात्र सुचेना. आणि एक दिवस कॉलेजातून वसतिगृहाकडं जाताना सत्यशीला सहज बोलून गेली.

"मले तं एक गंमत दिसून राह्यली. मोठ्याची भूक असली का तिले महत्त्वाकांक्षा म्हन्तात, गरिबाची असली का हाव. तुह्या बाबानं नाल्याकडलं वावर घेतलं तं लोक म्हने, कर्तबगार मानूस. माह्या मायनं ढिगाजवळची मूठभर शेंग उचलली तं म्हन्तीन, हावरी बाई. पुस्तकातबी तसंच हाय. सरदाराचं पाप पाच अंक चालते. त्याच्या गड्यानं भाकर चोरली तं दोन ओळीत हाकलून देतात त्याले." मग थोडं थांबून ती हसली होती. "अन् आपली भाषा पाहाय. पत्राखाली काय लिहितो आपन? लोभ असावा. पुस्तकात जे पाप, ते आपन पोस्टानं मांगतो!"

कौसल्येनं घरी जाऊन ते सगळं लिहून काढलं. त्या वेळी मनाला तिनं समजावलं होतं, बोलता बोलता सांडलेलं आहे, कुणी उचललं तर काय बिघडलं? लोभ असावा घेतलं, पाच अंक घेतले. 'माही माय'च्या जागी 'एक गरीब बाई' केली. नाल्याकडचं वावर आणि आपला बाप तेवढा गाळला. गाळताना हात अडखळला नाही, हे तिला नंतर जास्त टोचलं.

सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला आणि छापायला निवडला. सत्यशीला तेव्हा हिवतापानं वसतिगृहात पडून होती. चार दिवसांनी ती फणफणत्या अंगानं आली आणि आपला निबंध देऊन गेली. त्यातही तेच सगळं पाहून सरांनी दोघींना बोलावलं.

"कौसल्या, तुझा निबंध हिनं पाहिला होता का?"

"माहीत नाही, सर."

एवढंच. नाही म्हणता आलं असतं, हो म्हणता आलं असतं, खरं सांगता आलं असतं. तिनं तिन्हीच्या मधली पळवाट काढली. सत्यशीलेनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरांच्या टेबलावरच्या दौतीकडं ती बघत राहिली.

त्या इंग्रजी पुस्तकांत कुणी असं पाप केलं की आभाळ फाटायचं, वादळं उठायची, घोडे बिथरायचे. लोभी माणसाला झोप लागायची नाही. कौसल्या दुसऱ्या दिवशी गावी आली, करंज्या खाल्ल्या, पहाटेपर्यंत झोपली. पंजाबरावानं घाटंजीच्या बाजारात चार जणांना सांगितलं, पोरीचं लिहिलेलं छापून येणार. आभाळ निळंच्या निळं होतं. आपल्या पापाला साधा ढगही येऊ नये, याचंच तिला भय वाटू लागलं.

"काय लिहिते माही पोरगी?"

मथुराबाई खुरपं घेऊन समोर उभी होती. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. तिला अक्षर येत नव्हतं.

"बरी हाय म्हन्ते, मावशी. ताप उतरला." कौसल्येनं कार्डावर डोळे फिरवले. "बाईनं ठेवून घेतलं. सरवा लागला का म्हून पुसते. अन्... लोभ असावा."

"एवढंच?"

"एवढंच."

मथुराबाई हलली नाही. "मंग ते नक्कल कोनतं हाय? गोविंदानं येता येता त्या टोकाले वाचून दाखोलं मले. त्याले नाई समजलं, मले बी नाई समजलं. म्हटलं कौसाबाईले इचारू, ते कालेजात जाते."

गोविंदा शेंगदाणा चावता चावता थांबला. कौसल्येच्या हातातली काठी घरंगळून धुऱ्याखाली गेली. ती उचलायला ती वाकली नाही.

"दुसऱ्याचं पाहून लिहिलं, असं सर म्हन्तात," ती म्हणाली.

"कोनाचं पाहून?"

"माहं."

"तुहं?" मथुराबाई खरंच बुचकळ्यात पडली. "ते सरव्याचं अन् ढिगाचं? ते लिहाचं हाय म्हून तं तिनं मले पोळ्याले घरी आलती तवा सांगतलं होतं. मी म्हटलं, नोको लिहू असं, पंजाबरावले राग येइन. तं म्हने, माय, कालेजात कोन वाचते!"

पोळ्याला. म्हणजे सरांनी विषय देण्याच्या कितीतरी आधी. त्या दिवशी रस्त्यात सत्यशीला सहज बोलली नव्हती. ती हे मनात घोळवत होती, आणि विश्वासानं मैत्रिणीला दाखवत होती.

"मावशी, ते तिचंच होतं. म्या घेतलं. तिनं बोलून दाखोलं, अन् म्या लिहून टाकलं. सरानं इचारलं तवाबी म्या खरं सांगतलं नाई."

ढिगाशी तुळसाबाईचे हात थांबले. भुरीबाईचं खुरपंही थांबलं. मथुराबाईनं ओट्यातल्या शेंगा खालीवर केल्या, दोन पोचट काढून फेकल्या.

"बोललेलं म्हंजे मातीत पडेल शेंग समज," ती शेवटी म्हणाली. "तिनं सोडलं, तू उचललं. त्याचं मी काय म्हनू? आमी बी पडेलच उचलतो." मग तिनं मान वर केली. "पन सरव्यात एक हाय बाई. मागून येनाऱ्याले ठेवा लागते. पुढची बाई सारं वरपून गेली तं मागची काय खाइन? सरानं इचारलं तवा तुह्यापाशी खरं बोलाचं उरलं होतं ना? तेवढंबी तू तिले ठेवलं नाई."

आवाज चढला नव्हता. रागावली असती तर कौसल्येला रडता आलं असतं. मथुराबाई वळली आणि आपल्या ओळीवर परत जाऊन बसली. खुरप्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"गोविंदाभाऊ," कौसल्या म्हणाली, "कागद हाय का तुह्यापाशी?"

"पाकीटबी हाय, कार्डबी हाय. काय देऊ?"

तिनं पाकिटासाठी हात पुढं केला. पाकिटात घातलं की सर वाचतील, फार तर सत्यशीला, बस. बाबाच्या कानावर जायचं नाही. घाटंजीचा बाजार तसाच राहील. गोविंदानं पाकीट पुढं धरलं, तेव्हा त्याच्या बोटाला शेंगांची माती लागलेली तिला दिसली. सत्यशीलेनं नक्कल हा शब्द उघड्या कार्डावर लिहिला होता. घाटंजीपासून वावरापर्यंत तो सगळ्यांनी वाचला होता.

"कार्ड दे. दोन दे."

गोविंदाची पेन्सिल घेऊन तिनं गुडघ्यावर लिहिलं. 'सर, निबंधातला विचार सत्यशीलेचा आहे. तिने मला तो बोलून दाखवला आणि मी तिच्या आधी लिहून दिला. आपण विचारलेत तेव्हा मला माहीत होते. माझा निबंध छापू नये. सुटी संपल्यावर मी तुमच्यासमोर आणि वर्गासमोर हेच सांगेन.' खाली आपलं आणि गावाचं नाव घातलं आणि कार्ड गोविंदाच्या हातात दिलं.

त्यानं सवयीनं वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. दुसऱ्या वाक्यावर त्याची जीभ अडली. त्यानं कौसल्येकडं पाहिलं.

"वाच ना," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. बायांनी ऐकलं. तुळसाबाई ढिगापासून उठली, कमरेवर हात ठेवून लेकीकडं बघत राहिली.

"घरी बापाले काय सांगशीन वं?"

"हेच."

"तो काठी घेइन."

"घेऊ दे."

तुळसाबाई डाकवाल्यावरच उसळली. "अन् तू रे गोविंदा, काय सारा ढीग खाऊन जाशीन? सायकल उचल, जाय!"

गोविंदा गेला. कार्ड त्याच्या खाकी पिशवीत, आणि गावात शिरायच्या आत ते अर्ध्या गावाला तोंडपाठ होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरं कार्ड सत्यशीलेसाठी होतं. कौसल्येनं वर 'प्रिय' लिहिलं आणि पेन्सिल तिथंच टेकवून बसली. काय लिहावं ते सुचलं असतं, पण शेवटी काय लिहायचं ते सुचेना. ते दोन शब्द आता तिच्या हातून निघत नव्हते, आणि त्यांच्याशिवाय पत्र कसं संपवतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पेन्सिल तर गोविंदाची होती आणि गोविंदा तिच्याशिवाय निघून गेला होता. तिनं पेन्सिल आणि कार्ड दोन्ही कमरेला खोचली.

"राखन पुरे झाली," तुळसाबाई म्हणाली. आवाज कोरडा होता. "इकडे येऊन शेंगा तोड. दुपारपावतो अर्धा ढीग तरी व्हायले पायजे."

कौसल्या उठली. आंब्याखाली मायच्या समोर बसली. वेलाचा एक झुबका मांडीवर ओढला, झटकून माती पाडली, आणि एकेक शेंग तोडून टोपल्यात टाकू लागली.