गाडीशिवाय मूल मिळत नाही

नडीन प्रुइटचं घर आणि तिच्या मुलीची शाळा यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. भांडी विसळताना तिला खिडकीतून शाळेचा झेंडा दिसायचा, मधल्या सुट्टीत घसरगुंडीवर चढणाऱ्या पोरी दिसायच्या, आणि त्यांतली आपली कोणती हे तिला चालीवरून ओळखू यायचं. अमेरिकेतल्या टल्सा शहराच्या पूर्वेकडच्या या वस्तीत घर घेताना तिचा नवरा डेल म्हणाला होता, शाळा दारात आहे, अजून काय हवं? डेल तेलविहिरीवर कामाला होता. दोन आठवडे तिकडे, मग आठवडाभर घरी.

पण तो रस्ता सहा पदरी होता आणि त्याला कुठल्याच बाजूला फुटपाथ नव्हता. सिग्नल होता तो पार पेट्रोल पंपापाशी, आणि तिथवर जायचं तर गटाराच्या उतारावरून, गुडघाभर गवतातून. तिथून कोणी जायचंच नाही. चालत जाणारा माणूस दिसलाच, तर तो पिऊन गाडी चालवताना पकडला गेला असणार आणि त्याचं लायसन्स गेलं असणार, असं सगळे धरून चालत. नडीनही तेच समजायची. सोळाव्या वर्षी लायसन्स हातात पडलं तेव्हापासून पाय हे तिच्या लेखी ब्रेक दाबण्यापुरतेच उरले होते.

ऑगस्टच्या शेवटी, ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ती कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावली गेली होती आणि मालक तिच्या डोक्याखाली स्वतःचं जॅकेट धरून बसला होता. डॉक्टरांनी फिट आल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सहा महिने गाडीला हात लावायचा नाही म्हणाले. जेवणात मीठ कमी करा म्हणावं तितक्या सहज म्हणाले.

"मग मी जगू कशी?" तिनं विचारलं. ती औषधाविषयीच विचारते आहे असं वाटून ते गोळ्यांच्या वेळा पुन्हा समजावू लागले.

नोकरी त्याच आठवड्यात सुटली, कारण दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते एक वेळ सोसलं असतं. प्रश्न मार्लीचा होता, सात वर्षांच्या पोरीचा. शाळेची बस लांबच्या मुलांसाठी, आणि नडीनचं घर तर समोरच. चालत पाठवायचं म्हटलं तर शाळा तयार नाही, कारण रस्ता जिवावरचा. शाळा सुटली की फाटकापासून गाड्यांची रांग लागायची. पुढच्या काचेमागे मुलाचा नंबर घातलेला पुठ्ठा, तो बघून शिपाईबाई वॉकीटॉकीवर पुकारा करणार, मग मूल बाहेर येऊन गाडीत बसणार. आईबापांना खाली उतरायचीही मनाई होती. मूल गाडीच्या स्वाधीन व्हायचं. गाडी नाही तर मूल नाही.

डेलला इतकी रजा मिळण्यासारखी नव्हती आणि नोकरी सोडली असती तर कंपनीचा आरोग्यविमा गेला असता, म्हणजे गोळ्याही गेल्या असत्या. नडीननं महापालिकेत फोन लावला. तिथला माणूस बोलायला चांगला होता. म्हणाला, त्या ठिकाणी रस्ता ओलांडणारं कोणी आढळलं नाही, त्यामुळे तिथे सिग्नल मंजूर होत नाही, आणि फुटपाथाचा विषय निघाला तेव्हा तुमच्याच वस्तीतल्या लोकांनी हिरवळ कापली जाईल म्हणून विरोध केला होता. नडीनला तो विषय आठवला. विरोधाच्या कागदावर तिनंही सही केली होती, धड न वाचता, एक पाय गाडीत ठेवून.

शेवटी शेजारच्या ओपल हॅस्किन्स मदतीला आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गाडी मात्र बोटीएवढी. "मला तेवढाच उद्योग," म्हणाल्या, "घरात बसून मी आणि टीव्ही, दोघंही तेच तेच बोलतो."

चार-पाच दिवस बरे गेले. एकदा शाळेतून परतताना ओपलबाईंनी लाल दिव्यातून गाडी तशीच पुढे काढली. उजवीकडून आलेला ट्रक कर्कश हॉर्न देत त्यांच्या मागच्या बाजूला घासता घासता राहिला. मागे मार्ली बसली होती, पुढे ओपलबाईंशेजारी नडीन. ओपलबाई म्हणाल्या, "हल्लीच्या लोकांना घाई फार." तेव्हा नडीनच्या लक्षात आलं की त्यांनी मुद्दाम सिग्नल तोडला नव्हता, त्यांना तो दिसलाच नव्हता. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात काढून तिला हे आधी कळायला हवं होतं. पण आपली सोय होत असली की माणूस बघायचं टाळतो.

घरी पोचल्यावर तिनं मार्लीला आत पाठवलं आणि हळूच विचारलं, "मिस ओपल, डोळे कधी तपासलेत?"

ओपलबाईंनी स्टिअरिंग सोडलं नाही. "तपासले तर डॉक्टर सांगणार. डॉक्टरनं सांगितलं की माझा लेक किल्ली काढून घेणार. मग दूध कुठून आणू? चर्चला कशी जाऊ? गाडी गेली की वृद्धाश्रम, बाळ. इथं मधलं काही नसतं."

नडीननं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच नडीनला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लीला कसंबसं, त्या एका दिवसापुरतं, वाटेवरच्या एका आईबरोबर धाडलं. दुपारी नडीन स्वतः निघाली, हातात नंबराचा पुठ्ठा घेऊन. ऊन मी म्हणत होतं. गवतात बाटल्या, टायरांच्या चिंध्या, एक मेलेलं मुंगसासारखं जनावर. एका माणसानं गाडी हळू करून विचारलं, "गाडी बंद पडली का?" ती नाही म्हणाली. "मग?" त्यानं विचारलं, तोवर ती पुढे चालू लागली होती. सिग्नलवर चालणाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस लागला, पण ती तिसऱ्या पदरात असतानाच विझला. उरलेला रस्ता ती पळाली.

शाळेपाशी येऊन ती रांगेत उभी राहिली. दुसरं काही तिला सुचलंच नाही. पुढे पांढरी व्हॅन, मागे लाल पिकअप, मध्ये ती, पुठ्ठा छातीशी धरून. व्हॅन सरकली की तीही दोन पावलं सरकायची.

शिपाईबाई ट्रूडी जवळ आल्या. नंबर त्यांना पाठ होता, नडीन पाठ होती. तरी म्हणाल्या, "गाडी कुठंय?"

"घरी आहे."

"मग घेऊन ये."

"मला चालवता येत नाही गं सध्या. ती बघ मार्ली, तिथे उभी आहे. ओळखतेस ना मला?"

ओळखण्याचा प्रश्न नाही, ट्रूडी म्हणाल्या, आणि त्यांनी मुख्याध्यापक डनवेंना बोलावलं. ते घाम पुसत आले, सौम्यपणे बोलले. नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठीच आहे. एकीला पायी सोडलं की उद्या दहा जण येतील आणि एखादं पोर रस्त्यावर गेलं तर जबाबदार कोण? मार्लीला ऑफिसात बसवतो, गाडीवाल्या कुणाला पाठवा. कठड्यापलीकडून मार्ली हे सगळं बघत होती. इतर पोरांसमोर तिला लाज वाटत असावी.

मागे हॉर्न वाजू लागले. लाल पिकअपमधली बाई खिडकीतून ओरडली, "ए बाई, आत ये. बस. गाडीत आया किती, हे काही इथे विचारत नाहीत." तिचं नाव यासेनिया. नडीन आत चढली, पुठ्ठा काचेला लावला. ट्रूडींनी लगेच पुकारा केला, आणि मार्ली आईच्या मांडीवर येऊन बसली. नियम पाळला गेला.

यासेनियानं त्यांना दारात सोडलं. नडीननं कसंबसं उद्याचं विचारलं. उद्यापासून यासेनियाची कामावरची पाळी बदलत होती. तिच्या मुलाला काका न्यायला येणार होता, मोटारसायकलवर. "वाईट वाटतं गं," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नडीननं गाडी लगेच दाराबाहेर काढली नाही. आधी बंद गॅरेजमध्येच मार्लीला पुढच्या सीटवर बसवलं. इतक्या लहान मुलांना पुढे बसवत नाहीत, हे मार्लीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आई, इथे?"

"इथेच. हात पोचायला हवा." नडीननं तिचा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. "आई बोलली नाही, किंवा थरथरायला लागली, तर आधी ही दांडी इथे ढकलायची. मग हा ब्रेक दोन्ही हातांनी वर ओढायचा. रडायचं नंतर."

मार्लीनं करून दाखवलं. पुन्हा दाखवलं. ब्रेक जड होता. तिनं सीटवर गुडघे टेकून, सगळं अंग मागे टाकून तो ओढला आणि शाबासकीसाठी आईकडे बघितलं.

"छान," नडीन म्हणाली. तिनं मुलीचा पट्टा लावला, ओढून बघितला, गॅरेजचं दार उघडलं आणि गाडी सुरू केली.