वहीतून कापलेलं पान

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी इंग्लंडमध्ये लीड्सला पीएच.डी. करत होते. विषय होता पूर्व आफ्रिकेतल्या गोऱ्या मालकांच्या गुरांच्या अवाढव्य फार्म्सचा आर्थिक इतिहास. तिथले गुराखी नावापुरत्या पगारावर राबायचे. त्याबदल्यात मालकाच्या कुरणात स्वतःची गुरं चारायची मुभा होती. मग विलायती वळू आले आणि गुराख्यांची गुरं नकोशी झाली. रोगराईमुळे ती हटवावी लागली, असं मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात होतं.

अशाच एका फार्मच्या मॅनेजरची विधवा शहराबाहेर राहायची. नवऱ्याच्या डायऱ्या तिच्याकडे होत्या. मी चार शनिवार तिच्या डायनिंग टेबलाशी बसून नोट्स काढल्या. चौथ्या शनिवारी ती नोंद सापडली. गुराख्यांची गुरं कुंपणाशी गोळा करून ती गोळ्या घालून मारली. गुराख्यांच्या बायका तिथून हलल्या नाहीत. एकाही जनावराला रोग नव्हता, हे त्यानं स्वतःच लिहिलं होतं.

मी सगळं वहीत उतरवलं आणि फोटोकॉपी काढू का, असं विचारलं. तिनं ती नोंद वाचली.

"हे नको. बाकीचं हवं ते घे."

"पण माझा चॅप्टर यावरच उभा आहे."

"तुला तरी कळायला हवं. तुम्ही लोक गायीची पूजा करता ना? मग त्याला किती वाईट वाटलं असेल, विचार कर."

त्याला. वाईट त्याला वाटलं.

मग तिनं माझी वही मागितली आणि शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. पान नीट कापलं जावं म्हणून मी वही सपाट धरली. वर थँक यूसुद्धा म्हटलं. कॉन्व्हेंटनं मला एवढंच पक्कं शिकवलं होतं.

सोमवारी गाईड म्हणाले, "कागद नाही तर फूटनोट नाही. जे छापलेलं आहे तेच लिही."

मी लिहिलं, "रोगनियंत्रणासाठी गुराख्यांची गुरं हटवण्यात आली." माझ्याच हातानं टाइप केलं. परीक्षकांना चॅप्टर संतुलित वाटला. थिसिस लायब्ररीत गेला, आणि त्यानंतर आलेल्या दोन पुस्तकांत त्या वाक्याला आधार म्हणून माझं नाव आहे.