मीठ, मिरी आणि ऑफसाइड काका

ऑफसाइड काका जेवायला येणार असले, की मी मिठाची आणि मिरपुडीची डबी टेबलावरून उचलून कपाटात ठेवत असे. इथे अमेरिकेत, शॉमबर्ग गावातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत हीच पद्धत होती. डब्या दिसल्या, की काकांचा हात आपोआप तिकडे जायचा. मीठ म्हणजे चढाई करणारा खेळाडू, मिरी म्हणजे शेवटचा बचावपटू, केचपची बाटली गोलकीपर आणि लिंबाची फोड म्हणजे चेंडू. मग समोर कोण बसलंय, भाजी गार होतेय का, कुणाला फुटबॉलमध्ये तिळमात्र तरी रस आहे का, याचा काहीएक विचार न करता काका ऑफसाइडचा नियम समजावायला लागत. डब्या लपवूनही फारसा उपयोग होत नसे म्हणा. एकदा त्यांनी तीन गुलाबजाम आणि एका बेदाण्यावर काम भागवलं होतं. गोलकीपर झालेला गुलाबजाम शेवटपर्यंत कुणीच खाल्ला नाही.

काका मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी पुण्याची, त्यामुळे मलाही पटलं नव्हतं. तिथे पेठेची इभ्रत पायाने खेळली जाते आणि मॅच हरली, तर घरात दोन दिवस कुणी धड बोलत नाही, असं काका सांगायचे. तरुणपणी ते आपल्या तालमीच्या संघाकडून डाव्या बगलेवरून खेळले होते. मग इंजिनीअर होऊन इथे आले, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात उभा जन्म काढला, निवृत्त झाले. अमेरिकेने त्यांना सगळं दिलं, फक्त फुटबॉल बघायला सोबत दिली नाही. ही त्यांची एकच तक्रार होती आणि ती त्यांनी आम्हाला हजार वेळा ऐकवली.

अमेरिकन लोकांना फुटबॉल का आवडत नाही, याचं त्यांचं कारण ठरलेलं होतं. “ह्यांना कुणी नीट समजावून सांगितलंच न्हाई गं पोरी. माणसं हुशार आहेत की. चंद्रावर गेलेली माणसं. एकदा कळलं की सोडायची न्हाईत.” मग आवाज थोडा खाली आणून म्हणत, “मला गाव नको. एक माणूस पाहिजे. माझ्या शेजारी बसून नव्वद मिनिटं न उठता मॅच बघणारा एक अमेरिकन. तेवढं बघितलं की मी मोकळा.” इतकी वर्षं राहिलेल्या देशाकडून त्यांची एवढीच अपेक्षा होती आणि ती काही पुरी होत नव्हती.

तोवर त्या शेजारच्या खुर्चीची भरपाई आमच्याकडून व्हायची. इंग्लंडमधली मॅच आमच्याकडे शनिवारी सकाळी साडेसहाला लागते. सहा पंचविसाला काकांचा फोन. आठवडाभर क्लायंटच्या शिव्या खाऊन माणूस एक दिवस झोपू म्हणतो, तर हे विचारणार, “लावलीस का?” मी डोळे न उघडता हो म्हणायची. संध्याकाळी ते परीक्षा घेत, दुसरा गोल ऑफसाइड होता की नव्हता. “तुला काय वाटतं?” मला वाटायचं की फोन खिडकीतून फेकून द्यावा. मी म्हणायची, “नव्हता, काका.” मग ते नियम पुन्हा पहिल्यापासून सांगत. “चेंडू सुटला तेव्हा गडी कुठं होता ते बघायचं. पोचला कुठं ते न्हाई. कळलं?” नऊ वर्षं मी “कळलं” म्हणत होते. खरं तर त्या वेळी मी मनात भाजीची यादी करत असे.

आमची सई सात वर्षांची असताना पार्कच्या सॉकर टीममध्ये (फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात) जायला लागली, तेव्हा काकांना वाटलं आता दिवस पालटले. शनिवारी सकाळी इथलं कुठलंही मैदान बघा, रंगीत टीशर्टांतली पोरंच पोरं. काका आमच्याआधी हजर. पण थोड्याच दिवसांत त्यांचं तोंड उतरलं. त्या वयात इथे गोल मोजत नाहीत. खेळ संपल्यावर संत्र्याच्या फोडी, ज्यूस आणि सीझन संपला की सगळ्यांना सारखी ट्रॉफी. काकांनी सईला विचारलं, कोण जिंकलं? सई म्हणाली, “वी डोन्ट कीप स्कोअर, आजोबा.” घरी आल्यावर गाडीतून उतरताना काका म्हणाले, “आमच्यात अकरा जण खेळायचे आणि सगळी पेठ बघायची. इथं सगळी पेठ खेळतीय आणि बघायला कोण न्हाई.”

बघायला कोण नव्हतं म्हणून बहुधा पेठेचा सगळा आवाज त्यांनी एकट्यानेच काढायचा ठरवला. “मार की! बघत काय बसलीयस, मार की!” पलीकडच्या गोऱ्या आया दचकून आपल्या खुर्च्या लांब सरकवत. शेवटी कोचने मला ईमेल पाठवला. पुढच्या आठवड्यात सायलेंट सॅटर्डे होता, म्हणजे पालकांनी अवाक्षर न काढता मॅच बघायची. तोंड बंद राहावं म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात एकेक लॉलीपॉप दिला होता. सत्तरीचे काका तो लाल लॉलीपॉप तोंडात धरून, मुठी आवळून रेघेवर उभे होते. मी लाजेने अर्धमेली झाले होते, हे मान्य करते. त्यांचं काय होत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. बाराव्या वर्षी सईने चारचौघींसारखं सॉकर सोडलं आणि व्हॉलीबॉल धरला. काकांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

मग राहिला वॉल्टर. हा काकांचा शेजारी, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, धिप्पाड आणि मितभाषी. बर्फ पडला की स्वतःच्या आधी काकांचा ड्राइव्हवे साफ करायचा. काकांनी त्याला मनात हेरून ठेवलं होतं. आधी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्यांचा तो चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल बघून आले, पण जाताना स्टॉपवॉच घेऊन गेले. चेंडू हलतो तेव्हाच घड्याळ चालू, थांबला की बंद. जवळजवळ चार तासांनी त्यांनी वॉल्टरला घड्याळ दाखवलं आणि सांगितलं की एवढ्या वेळात चहासुद्धा धड उकळत नाही. वॉल्टर रागावला नाही. तो म्हणाला, तेच तर बरं आहे, मधल्या वेळात माणसाला बोलता येतं. हे काकांनी मला फार कुचेष्टेने सांगितलं आणि मीही हसले.

पुढे एका मोठ्या स्पर्धेची फायनल आली. काकांनी वॉल्टरला आणि त्याच्या बायकोला, लिंडाला, रीतसर आमंत्रण दिलं. फायनल म्हणजे मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा, हे कोल्हापूरचं शास्त्र. काकूंनी दोनदा विचारलं, तिखट कमी करू का? काका म्हणाले, पाहुण्यांचा अपमान करायचा नाही. मॅच सुरू होण्याआधी मिठाची आणि मिरीची डबी मांडून अर्धा तास नियम. मॅच सुरू झाल्यावर प्रत्येक पासला नियम. वॉल्टरने विचारलं, घड्याळ उलटं का जात नाही, मॅच नक्की कधी संपणार? काका म्हणाले, ते पंचाला माहीत. वॉल्टरने विचारलं, जाहिराती कधी येतात? काका म्हणाले, येत नाहीत, बस खाली. ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. वॉल्टर बिचारा एका जागी बसून होता. काकांचे डोळे टीव्हीपेक्षा त्याच्यावरच जास्त होते. दहा मिनिटं राहिली होती आणि आयुष्याचं काम होत आलं होतं.

तेवढ्यात वॉल्टरने तांबड्या रश्श्याची वाटी सूप समजून तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो लालबुंद होऊन उठला आणि दूध शोधत स्वयंपाकघराकडे धावला. तो फ्रिजमध्ये डोकं घालून उभा असताना मॅचमधला एकमेव गोल झाला. काकांनी टीव्हीकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि रिमोट खाली ठेवला. पुढचे पंधरा दिवस ते वॉल्टरशी बोलले नाहीत. “एक गोल झाला आणि हा दूध पीत होता,” एवढंच म्हणायचे. मी काकूंच्या समोर सांगून टाकलं की चूक वॉल्टरची नाही, तुमची आहे. ऐंशी मिनिटं त्या माणसाच्या कानाशी तुम्ही अखंड बोलत होता, रस्सा नसता तरी तो पळाला असता. फार तोडून बोलले मी. काका म्हणाले, “समजावून सांगितल्याशिवाय कळणार कसं?” आणि चप्पल घालून बाहेर फिरायला गेले.

गेल्या वर्षी पानं गळायच्या सुमारास काकांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं सगळं कळतंय, पण शब्द बाहेर येणार नाहीत. आयुष्यभर जे बोलले त्यातलं एकच अक्षर शिल्लक राहिलं, त्यांचं ते कोल्हापुरी “की”. पाणी हवं, की. नको, की. राग आला, की. काकू न चुकता ओळखायच्या. मी ओळखायचा प्रयत्न करायची आणि बाहेर येऊन गाडीत रडायची. शनिवारी सकाळी सहा पंचविसाला मला आपोआप जाग यायची आणि फोन वाजायचा नाही. त्या फोनला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या.

जानेवारीत एका शनिवारी डबा द्यायला गेले, तर हॉलमध्ये वॉल्टर बसलेला. काका खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत वॉल्टर, समोर मॅच. बूट दाराशी काढलेले, हातात काकूंचा चहा. काकू म्हणाल्या, महिना झाला, दर शनिवारी बर्फ काढून झाला की येतो, पूर्ण बघतो, जागचा हलत नाही. मी दाराशी उभी राहिले. शून्य-शून्य सुटली मॅच. शेवटची शिट्टी झाल्यावर वॉल्टर सावकाश उठला. बूट घालताना मी त्याला विचारलं, आता कसा काय आवडायला लागला खेळ?

त्याने आत काकांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “पूर्वी तो मला सगळं समजावून सांगायचा. मला खेळ कधी बघताच आला नाही.”

मला त्याचा इतका राग आला, की मी त्याला नीट बायसुद्धा म्हटलं नाही. काका बोलू शकत नाहीत म्हणून याला मॅच आवडते! आणि गाडीत बसल्यावर आठवलं, की हेच मी काकांना तोंडावर सांगितलं होतं. वॉल्टरने निदान ते त्यांच्या माघारी सांगितलं. काकांना हवा होता तो अमेरिकन मिळाला होता, खुर्चीत बसून नव्वद मिनिटं मॅच बघत होता, आणि तो मिळाल्याचं काकांना कुणाला सांगता येत नव्हतं. मला हे अजूनही पटलेलं नाही. मी देवाधर्माचं फारसं करत नाही, पण त्या दिवशी वर बघून दोन शब्द ऐकवले.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीने दोघांना दूर दुसऱ्या राज्यात, हर्नडनला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. निघायच्या आदल्या दुपारी, अर्ध्या बांधलेल्या खोक्यांमध्ये आम्ही शेवटचे जेवलो. काका, काकू, मी, वॉल्टर आणि लिंडा. काकूंनी पुलाव केला होता. टेबलावर मीठ होतं, मिरी होती. डब्या लपवायचं आता काही कारण नव्हतं.

जेवता जेवता लिंडाने सहज विचारलं, ते ऑफसाइड म्हणजे नेमकं काय असतं? काकांचा डावा हात थोडा उचलला गेला आणि परत मांडीवर पडला. मग वॉल्टरने आपला भलामोठा पंजा पुढे केला. मीठ घेतलं, मिरी घेतली, केचपची बाटली लावली, लिंबाची फोड उचलली. एका हाताने मागून लिंबू सोडलं, त्याच वेळी दुसऱ्या हाताने मिरीच्या मागचं मीठ पुढे पळवलं आणि बाटलीसमोर एकटं उभं करून लिंबू त्याच्यापर्यंत पोचवलं. बघ, चेंडू पोचला तेव्हा हा सगळ्यांच्या पुढे आहे, तो म्हणाला, म्हणून ऑफसाइड.

“की,” काका म्हणाले. वॉल्टरला वाटलं शाबासकी आहे. तो खूश होऊन हसला. “की. की.” काकांची मान हलत होती, डाव्या हाताची बोटं टेबलावर आपटत होती. काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी बाजूला लोटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काय म्हणायचंय हे मला काकूंच्या आधी कळलं. नऊ वर्षं “कळलं, काका” असं जे खोटं सांगत आले होते, ते खोटं नव्हतंच. भाजीच्या यादीखाली सगळं जाऊन बसलं होतं.

मी हात लांब केला. लिंबाची फोड उचलून जिथून निघाली होती तिथे ठेवली, आणि मीठ उचलून मिरीच्या मागे आणलं. वॉल्टरला म्हटलं, चेंडू सुटला तेव्हा हा इथे होता. पोचला कुठे ते बघायचं नाही. हा ऑफसाइड नाही.

वॉल्टरने वाकून टेबलाकडे नीट बघितलं आणि मग मान डोलावली. काकांची बोटं थांबली. ते खुर्चीत मागे टेकले.

“की,” ते म्हणाले.